तिसरं मशीन

या, आत सरकून बसा. गार वाटत असेल तर खिडकी लावून घ्या, पण मधेच उठायचं नाही. मला पुन्हा सुरुवातीपासून सांगायला जमत नाही.

ही गोष्ट तुमच्या मावशीची. माझी धाकटी मेहुणी. तिला तुम्ही ओळखताच. जेवण आवडलं तरी ‘बरंय’च्या पुढे जात नाही ती, पदरचं काय घालणार? एकदाच सांगितलं तिने मला हे सगळं, मान खाली घालून. नंतर विषय काढला की उठून जाते.

तेव्हा ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात होती. तिथे नजर ठेवायच्या गोष्टी शेकड्यांनी. ऑक्सिजनच्या पाइपातला दाब, औषधांचे फ्रीज, जनरेटर, नवजात बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेट्या. कुठे काही बिनसलं की त्या त्या वॉर्डात अलार्म वाजला पाहिजे. हे काम बाहेरची एक कंपनी स्वतःच्या मशीनवरून करायची. मग वरून ठरलं की पेशंटची माहिती बाहेर जायला नको, तसलं सॉफ्टवेअर आपण आपल्याच मशीनवर चालवू. काम पडलं मावशीच्या गळ्यात.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आधीच बजावलं होतं. कमीत कमी तीन मशीन हवीत. प्रत्येकात आठ कोअर, बत्तीस जीबी मेमरी आणि वेगवान डिस्क. यात काटछाट केलीत तर आमच्या भरवशावर राहू नका.

“तीनच का?” मी तिला विचारलं होतं.

“भाऊजी, त्या सॉफ्टवेअरचे छोटे छोटे भाग असतात, कंटेनर म्हणतो आम्ही. ते सगळ्या मशीनवर वाटून ठेवायचे. एक मशीन पडलं की त्याच्यावरचे भाग बाकीची दोन उचलतात. पण कोण पडलंय आणि कोण चालू आहे, हे बहुमताने ठरतं. दोनच असली तर बहुमत कसलं?”

“म्हणजे मी आणि तुझी बहीण.”

“तिथे मत एकच असतं,” ती म्हणाली. हसली नाही.

साहेबांनी मशीन दिली दोन. “अहो, हे लोक नेहमी वाढवूनच सांगतात. सुरू तर करा, तिसऱ्याचं पुढच्या वर्षी बघू.” ती दोनदा भांडली. तिसऱ्यांदा गेली नाही. वॉर्डात बाळं आहेत आणि आपण अर्धवट तयारीवर नजर ठेवणार, हे तिला डाचत होतं. त्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला आली तर ताटावर बसून सारखी फोनच बघत होती.

बदल करायची रात्र ठरली. जानेवारीतला गुरुवार. बारा वाजता कंपनीचा करार संपणार, त्यांची लाइन बंद, आणि त्याच मिनिटाला आपलं सुरू. कामावरचा जोडीदार तापाने घरी पडलेला, म्हणून ती एकटीच तळघरातल्या मशीन रूममध्ये जाऊन बसली. स्वेटर घातला, थर्मासमधला चहा ओतून घेतला, आणि बाराला सुरू केलं.

तासभर सुरळीत चाललं. मग मेमरी भरायला लागली. ऐंशी टक्के. नव्वद. एकेक भाग बंद पडायचा, आपोआप सुरू व्हायचा, पुन्हा पडायचा. ती एकाला सावरायची तोवर दुसरा जायचा. कंपनीला फोन लावला, तर सकाळी नऊनंतर करा असं टेपवर ऐकू आलं. पावणेदोनला अलार्म पाठवणारा भागच बंद पडला. उठता उठेना.

म्हणजे त्या घडीला अख्ख्या हॉस्पिटलवर कोणाचीच नजर नव्हती.

दोन वाजून दहा मिनिटांनी स्क्रीनवर एक ओळ वाढली.

एक नंबर मशीन, चालू. दोन नंबर, चालू. तीन नंबर... चालू.

आठ कोअर. बत्तीस जीबी. जेवढं मागितलं होतं तेवढंच.

तिने जोडीदाराला उठवलं. “घरून काही जोडलंस का तू?”

“मॅडम, मला उठून बसवत नाहीये,” तो म्हणाला. “काय झालं?”

“काही नाही. झोप.”

ती उठली. रॅकमध्ये मशीन दोनच. वायरी मोजल्या, दोन मशीनच्याच. मशीन एकमेकांना जोडणाऱ्या स्विचच्या पेटीवर मात्र तीन दिवे लुकलुकत होते. तिसऱ्या दिव्याखालच्या खाचेत वायर नव्हती. तिने बोट लावून बघितलं. खाच रिकामी.

परत येऊन बसली तर स्क्रीन शांत. पडलेले सगळे भाग पुन्हा उभे होते, आणि सगळे तीन नंबरवर. तिची दोन्ही मशीन रिकामी बसलेली. तिने तीन नंबरचं तापमान बघितलं. कामाला जुंपलेलं मशीन साठ-सत्तर दाखवतं. हे सदतीस दाखवत होतं.

सदतीस. माणसाच्या अंगाला असतं तेवढं. हलत नव्हतं.

बाळांच्या वॉर्डात फोन लावला. म्हटलं, सिस्टरना सांगावं, आज रात्री मशीनवर विसंबू नका.

“सिस्टर, मी तळघरातून बोलतेय. ऑक्सिजनचा दाब एकदा स्वतः जाऊन...”

“बघितला की,” सिस्टर म्हणाल्या. “लगेच सिलिंडर लावले. बाळं छान आहेत सगळी. बरं झालं वेळेवर कळवलंत. पाइपातला दाब भराभर उतरत होता, आणि अलार्म काही वाजला नाही.”

“कोणी... कोणी कळवलं?”

“तुमच्याच माणसाने. आता पाच-दहा मिनिटं झाली असतील. तुमच्याच नंबरवरून फोन आला.”

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“किती हळू बोलत होते ते,” सिस्टर म्हणाल्या. “शेजारी कोणी झोपलेलं असावं ना, तसं.”

तिने फोन ठेवला.

तीन नंबरला बाहेर काढायला एक ओळ टाइप केली की पुरे. तिने ती टाइप केली. आणि बटणावर बोट ठेवून थांबली. त्याला काढलं तर सगळं परत त्या दोन मशीनवर. पुन्हा आंधळं हॉस्पिटल. वर बाळं.

तिने ओळ पुसून टाकली.

पळूनही जाता येईना. काही झालंच तर वर कळवायला कोणीतरी हवं. खुर्चीत बसून राहिली.

स्क्रीनवर, अगदी खाली, एक नवीन ओळ आली. तिने कधी न लिहिलेली.

मशीन रूममधली माणसं : एक.

ती बघत राहिली. पंख्यांचा आवाज... बाकी काही नाही.

माणसं : दोन.

तिने मान वळवली नाही.

मला म्हणाली, “भाऊजी, मान वळली असती तर मी तिथून उठले असते. म्हणून नाही वळवली.”

चार वाजले... पाच... आकडा दोनच. चहावर साय धरली. एकदा मागून खुर्ची किंचित हलल्यासारखी वाटली. तिने दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून ठेवलं.

नऊला कंपनीचा माणूस फोनवर आला. तिने हातापाया पडून जुनी लाइन जोडून घेतली. लाइन जोडली गेली त्या क्षणी तीन नंबरची ओळ गेली. खाली आकडा एक झाला, आणि मग ती ओळही गेली.

तिने राजीनामा वगैरे दिला नाही. सरळ साहेबांकडे गेली. काय बोलली कोण जाणे, पण आठवड्यात तिसरं मशीन आलं. हवं तसं, नवंकोरं. सगळं आजही त्यावर नीट चाललंय म्हणतात.

मी एसीची कामं करायचो, तुम्हाला ठाऊक आहे. नवीन मशीनसाठी गारवा वाढवायला तिने मलाच बोलावलं. काम झालं, हत्यारं आवरली, तेव्हा तिने नुसतं बोट दाखवलं. तिच्या खुर्चीच्या मागे काचेची भिंत होती. दुहेरी काच, मधली फट कारखान्यातूनच बंद होऊन आलेली. त्या दोन काचांच्या मधे, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचा एक डाग होता. तळहाताएवढा.

मी म्हटलं, काचेचं सील गेलं असेल. होतं असं.

“थोडं थांबा,” ती म्हणाली.

थांबलो.

डाग लहान झाला... जवळजवळ गेलाच.

मग पुन्हा मोठा झाला.