खालून तिसरी ओळ

मला हे नेमकं आठवतंय की नाही, याची खात्री नाही. वय झालं आहे. शिवाय एखादी गोष्ट मनात फार वेळा घोळवली की तिच्यात आपलंही काही मिसळतं, हे मी वर्गात मुलांना बत्तीस वर्षं सांगत आलो. तरी ती ओळ माझ्या मनातून आली होती, कागदावर नव्हती, एवढं मी कुठेही शपथेवर सांगेन. म्हणजे, सांगितलं असतं.

१९८७ चा मे महिना. जळगावला मेहरूणमध्ये माझं घर होतं. भर दुपारी तोताराम पाटील रुमाल घेऊन आला. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा. तोताराम भडगावकडच्या एका हायस्कुलात मास्तर. त्याचा कुणी पूर्वज कोकणात शंखकोट नावाच्या किल्ल्यावर पहाऱ्याला होता, आणि परतताना त्यानं हे कागद आणले. दोनशे वर्षं ते धान्याच्या कोठीवर पडून होते. आता पुण्याचा एक प्रकाशक तोतारामचं पुस्तक छापणार होता. वर्तमानपत्रात त्याचा फोटोही आला होता, गिरणा नदीच्या काठावर, हातात रुमाल धरलेला.

मी डॉक्टरेट केलेला माणूस. मोडी मला छापील अक्षरासारखी वाचता येई. माझ्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. तो फोटो मी कापून ठेवला होता. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही.

तोतारामला मोडी येत नव्हती. मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यानं वहीत उतरवायचं, असं आमचं मग आठवडाभर रोज दुपारी चाललं.

"सर, तुमना डोया, मना हात," तो हसून म्हणायचा. "बठ्ठं लिखाई जाई." डोळे माझे, हात त्याचा, सगळं लिहून होईल.

फिरंग्यांची गलबतं किनाऱ्याला फिरू लागली तेव्हा शंखकोट बांधायला घेतला. खडकात चर खोदले, चिऱ्यांच्या सांध्यांत शिसं ओतलं. खाऱ्या वाऱ्यानं गवंडी आजारी पडले, तशी वरघाटाची माणसं आणली. पश्चिमेचा तट सरळ पाण्यात उतरवला, कुठे पाय ठेवायला जागा ठेवली नाही. त्या बाजूनं शत्रू कधी चढला नाही. हे सगळं कागदांत होतं. तोतारामनं समुद्र पाहिलेलाही नव्हता, आणि हे सगळं त्याचं होतं.

आठवड्याच्या शेवटच्या दुपारी खिडक्या लावलेल्या होत्या. दाराच्या वाळ्याच्या पडद्यावर नुकतंच पाणी मारलं होतं. नववं पान चाललं होतं. पाणी प्यायला थांबलो, तेव्हा तोतारामनं सहज विचारलं, "सर, तुम्ही एवढा शिकेल माणूस. तुमनं पुस्तक कव्हय येई?"

त्याच्या मनात काही नसेल. मी पेला खाली ठेवला आणि पुढे वाचू लागलो. खालून तिसरी ओळ आली तेव्हा कागदावर होतं ते मी वाचलं नाही. मी म्हणालो, "पश्चिमेच्या तटाखाली चोरदिंडी. ओहोटीस सात पायरी उघडी पडते. तेथे पहाऱ्यास असामी एक."

असं दार तिथे असणं शक्य नव्हतं. पुस्तक निघालं की पुण्याची जाणती माणसं त्याला हसतील, एवढंच मला हवं होतं.

लेखणीची कुरकुर थांबली. बाहेर लू होती, पण माझ्या घोट्यांना गार लागलं. पडद्यावरून पाणी टपकत होतं... टप... मग थोडं थांबून टप... कुणी जपून पायऱ्या उतरावं तसं. मी न ठरवता मोजलं. सात झाले आणि आवाज बंद पडला. वाळ्याचा वास गेला. त्याच्या जागी ओल्या दोरखंडाचा, कुजलेल्या मासळीचा वास आला.

"सर," तोताराम हळू म्हणाला, "ते परत वाचा."

आता सुधारता आलं असतं. मी कागदाकडे पाहिलं आणि तेच शब्द, त्याच क्रमानं, न अडखळता वाचले. पाठ केल्यासारखे नव्हे... वाचल्यासारखे.

उठताना तो खुशीत होता. अशी दिंडी आजवर कुणाला ठाऊक नव्हती. "दिवाळीनी सुट्टीमा जाई येसू," तो म्हणाला. "सोताना डोयानी देखसू, मंगच छापसू."

माझ्यासारखा माणूस ग्रंथालयात तपासतो. कुणी उठून जागेवर जाईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवाळीला पाच महिने होते. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी ते दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. त्या दुपारी तो उठून गेल्यावर पाहिलं, तर तो बसला होता त्या सतरंजीच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती. बोट लावून चाखली. खारट. घाम असेल, असं मी ठरवलं.

दिवाळीनंतर त्याची बायको झुंबरबाई माझ्याकडे आली. तोताराम ओहोटीच्या वेळी पश्चिमेच्या तटाखाली उतरला होता. त्याला किल्ल्यावर सोडणाऱ्या नाववाल्यानं दुरून ऐकलं, मास्तर मोठ्यानं मोजत होते. सात म्हणाले. मग थांबून कुणाशी तरी दोन शब्द बोलले. तटावर चपला मिळाल्या. बाकी काही मिळालं नाही.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "सर, नाववाला म्हने तठे पायऱ्याच नहीत. पन कागदमा व्हतं ना?"

मी "हो" म्हणालो.

"मंग ठीक," ती म्हणाली. "मास्तर उगाच नही गयात." चहा न घेता ती गेली.

रुमाल तिनं धुळ्याच्या एका संशोधन संस्थेला दिला. पुस्तक निघालं नाही. मला त्याचा आनंद झाला की नाही, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही.

१९९८ मध्ये धीर करून धुळ्याला गेलो. तोवर मोतीबिंदूनं नजर अधू झाली होती, आणि स्वतःच्या डोळ्यांवर माझा भरवसाही नव्हता. संस्थेच्या दप्तरखान्यातल्या सुनंदाबाईंना मोडी उत्तम येई. त्यांना पान नववं, खालून तिसरी ओळ मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्या ओळीत काय असेल, ते आधी सांगितलं नाही.

त्यांनी वाचलं. चोरदिंडी होती. ओहोटी होती, सात पायऱ्या होत्या. शाई तीच, अक्षराचं वळण तेच, खाडाखोड नाही. मी भिंगातून पाहिलं, मग दुसऱ्या एका जाणकाराकडूनही वाचून घेतलं. फरक फक्त शेवटी होता. मी तोतारामला असामी एक सांगितला होता.

कागदात आहे : "तेथे पहाऱ्यास असामी दोन. पैकी एक हजर जाहला. दुसरा येणे आहे."