कोटातली पाच काडतुसे

“मला एवढंच सांगा,” जोलीन मॅबरी म्हणाली, “एमिलना मी मारलं की नाही.”

ती हेस्टर ब्रँडविकच्या टेबलासमोर खुर्चीच्या कडेला बसली होती, हात जाकिटाच्या खिशात. डेलने पुढे केलेली कॉफी तिने घेतली नाही.

प्रकरण डेलला ठाऊक होते. मोंटानाच्या त्या खोऱ्यात ते कुणाला ठाऊक नव्हते? म्हातारा एमिल वोंद्रा घरी शिसे वितळवून गोळ्या ओतायचा आणि काडतुसे स्वतःच भरायचा. नेमबाजीच्या क्लबवर त्याच्याच रायफलची नळी फुटली आणि तिचा तुकडा मानेत घुसून तो जागीच गेला. त्या वेळी रायफलमध्ये जोलीनचे काडतूस होते, तिने आयुष्यात भरलेले पहिलेच. शेरीफने अपघात म्हणून नोंद केली. नवख्या हाताने काडतुसाच्या एका पितळी पुंगळीत बंदुकीची दारू दोनदा ओतली असणार, असे त्याचे मत पडले.

तिला तोंडावर कुणी काही बोलले नव्हते. फक्त शाळेच्या ज्या स्वयंपाकघरात ती काम करायची, तिथे तिच्याशेजारी आता कुणी उभे राहत नसे. हरणांचा हंगाम तोंडावर आला होता. नवरा सोडून गेल्यापासून हिवाळ्याचे मांस तिचे तिलाच आणावे लागे, आणि आता तिला रायफलीला हातही लावता येत नव्हता.

“दोनदा ओतली होतीस?” हेस्टर ब्रँडविकने विचारले.

“नाही. पण बाई, आठवून आठवून आता मला दोनदा ओतलेलीच दिसते.”

हेस्टरने चष्मा पुसला. जळालेली गोदामे आणि वाहून गेलेली गुरे यांचे विम्याचे दावे तपासण्यात तिचे आयुष्य गेले होते. आता ती खासगी कामे घेत असे. डेल तिचा दीर. तो तिची गाडी चालवायचा, कारण ती स्वतः चालवायला बसली की शेजारी बसायला कुणी धजत नसे.

“पहिल्यापासून सांग,” ती म्हणाली. “एमिलने तुला शिकवलं काय काय?”

जोलीन सांगू लागली तसा तिचा आवाज थोडा सुटला. भांड्याजवळ पाण्याचा थेंबही नको, कारण वितळलेले शिसे उसळून अंगावर येते. खिडकी उघडी हवी, हात धुतल्याशिवाय खायचे नाही. साचा थंड असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, ती परत भांड्यात टाकायची. गोळीच्या खाचेत मेण भरायचे. एमिलचे मेण साधे पिवळे होते. जोलीनच्या मेणात त्यांनी हिरवा खडू वितळवायला लावला. ‘तुझ्या चुका तुझ्या रंगात दिसू देत,’ असे म्हणून ते हसले होते.

“आणि त्या दिवशी?”

“त्यांनी कोट काढून खांबाला अडकवला. त्यातलं स्वतःचं एक काडतूस घेतलं आणि मातीच्या बांधावर मारलं. ते नेहमीच तसं करतात, नळी साफ असते तेव्हा पहिली गोळी धड जात नाही म्हणे. ‘शिकणाऱ्याची गोळी त्यात कशाला फुकट घालवायची? ती माझी,’ म्हणायचे. मग त्यांनी रिकामी पुंगळी कोटाच्या खिशात टाकली आणि रायफलकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात रॉय स्टॉलकप लांबून काहीतरी ओरडला. एमिल हसले, आणि आधी स्वतः मारून बघायला माझं काडतूस घातलं.”

“पहिल्या बाराचा आवाज कसा होता?”

“कसा असतो ते मला कुठे ठाऊक? माझी पहिलीच वेळ. कानांवर आवाज अडवायच्या टोप्या होत्या आणि डोळे मी गच्च मिटले होते.”

शेरीफच्या कचेरीत एक तरुण शिपाई रायफल घेऊन आला. जोलीनच्या डब्यातली उरलेली काडतुसे त्यांनी उघडून तोलली होती, सगळी बरोबर. त्याचे म्हणणे, चुकायला एकच पुरते.

हेस्टरने नळीवरून बोट फिरवले. काडतूस बसते तो मागचा भाग शाबूत होता. वीतभर पुढे नळी अंगठीसारखी फुगून उभी फाटली होती. त्या फटीत शिशाचा एक लांबट गोळा अडकला होता. हेस्टरने भिंग लावले आणि डेललाही पाहायला सांगितले. गोळ्याच्या मागच्या खाचेत हिरवे मेण होते. पुढच्या खाचेत पिवळे.

“वितळून मिसळलं असेल,” डेल म्हणाला.

“मिसळलं असतं तर एकच रंग झाला असता.”

रॉय स्टॉलकप आपल्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टरखाली आडवा पडला होता. तो बाहेर आला नाही, फक्त बूट बोलत होते. एमिलशी त्याचे बोलणे दोन वर्षे बंद होते, एका कुत्र्यावरून. भांडण कुणाला नको होते, पण आधी तोंड कुणी उघडायचे यावर ते अडले होते. डेलला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटला आणि त्याने हेस्टरला कोपराने ढोसले.

“त्या दिवशी मात्र तुम्हीच आधी बोललात,” हेस्टर म्हणाली. “काय बोललात?”

बूट एकमेकांवर घासले गेले.

“काही नाही. चेष्टा. मी गाडीतून उतरतच होतो. म्हटलं, ‘अरे ए बोहेमियन, तुझ्या रायफलीला सर्दी झालीय का?’” मग सावकाश, “त्याला काय ऐकू येणार? कान गेलेले, त्यावर टोप्या. पण मी बोललो एवढं त्याला दिसलं. हसला रे तो. दोन वर्षांनी हसला माझ्याकडे बघून.”

“सर्दी का म्हणालात?”

“म्हणावंसं वाटलं म्हणालो. बाई, आता जा तुम्ही.”

गाडीत डेलने रॉयवर संशय घेण्याची चार कारणे सांगितली. हेस्टर ऐकत नव्हती.

लुडमिला वोंद्राने दारातच दोघांना कॉफी घेणार का विचारले. स्वयंपाकघर लखलखीत होते. ती बारीक, ताठ बाई होती. बोलताना मधेच थांबून नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहायची. तिने कोलाच पुढे ठेवले. बोहेमियन, म्हणजे मूळच्या चेक, घरांतले हे गोड पाव डेलला लहानपणापासून माहीत होते, आणि वोंद्रांकडचे काळ्या खसखशीचे पाव तर चर्चच्या जेवणात सगळ्यांआधी संपायचे. आजचे जर्दाळूचे होते.

“खसखस संपली,” लुडमिला म्हणाली. “आणायला झालंच नाही.”

एमिल उन्हाळ्यापासून बदलला होता, तिने सांगितले. डोळ्यांच्या डॉक्टरकडून आला आणि गप्प झाला. तासन्‌तास गोठ्याजवळच्या खोलीत बसे. एक दिवस ओतायचे साचे उचलून त्या मुलीला देऊन टाकले, बापाच्या हातचे साचे. ‘हिवाळ्याच्या आत सगळं आटपतो,’ म्हणाला. त्याच्या थोरल्या भावानेही असेच सामान वाटून टाकले होते आणि मग त्याच गोठ्यात बंदूक घेऊन…

डेलने बशीकडे पाहिले.

जोलीनला ती दोष देत नव्हती. कुणी शिकवले तर कुणी तरी शिकणारच, आणि शिकणारा चुकणारच, एवढेच म्हणाली. पण ती चुकली असेच तीही धरून चालली होती.

कोट दाराजवळच्या खुंटीवर होता, त्याच्यावर रायफलीची रिकामी खुंटी. हेस्टरने मागितला तेव्हा लुडमिलाने स्वतः काढून दिला. छातीशी चामड्याच्या पाच घरांची पट्टी. चार घरांत काडतुसे, एक मोकळे. खिशात एक उडालेली पुंगळी. काडतुसे भरणारा माणूस पुंगळी कधी टाकत नाही. हेस्टरने तिच्यात टॉर्च मारून पाहिले. आतली भिंत सोन्यासारखी चकचकीत होती, काजळीचा मागमूस नव्हता. तिने चारांतले एक काडतूस मागून घेतले.

गाडीत डेलच्या पकडीने गोळी निघाली. पुंगळी उपडी करताच तळहातावर बारीक काळे दाणे सांडले.

“दारू तर आहे,” डेल म्हणाला.

हेस्टरने एक दाणा जिभेवर ठेवला, चावला, आणि ती समोरच्या काचेतून वोंद्रांच्या घराकडे पाहत राहिली.

त्या दिवशी काय झाले असणार ते तिने डेलला सांगितले, आणि डेलने आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी वाद घातला. गेलेला माणूस गेला, तो म्हणाला, राहिलेल्या म्हातारीला कशाला जाळतेस? जोलीनला बाजूला घेऊन सांग, तुझी चूक नव्हती म्हणून.

“आणि तिने विचारलं, मग कुणाची? तर?” हेस्टर म्हणाली. “अर्धं सांगितलं तर उरलेलं ती स्वतःच्या नावावर लिहील. आतापर्यंत तेच केलंय तिने.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघे लुडमिलाच्या टेबलाशी बसले. रॉय दाराला टेकून उभा राहिला. हेस्टरने फार हळू बोलायला सुरुवात केली.

“दारू जास्त झाली असती तर रायफल मागे फुटली असती, काडतूस बसतं तिथे. ही पुढे फुटली. म्हणजे नळीत आधीच काहीतरी अडकलेलं होतं. काय, तेही तिथेच आहे. पिवळ्या मेणाची गोळी, आणि तिच्या पाठीत घुसलेली हिरव्या मेणाची. जोलीन, तुझं काडतूस बरोबर होतं. तुझ्या गोळीला पुढे वाट नव्हती, एवढंच.”

जोलीनने खिशातून हात काढून टेबलावर ठेवले.

“पिवळी गोळी एमिलच्या पहिल्या बाराची. ती बाहेर पडलीच नाही. तो बार फुसका गेला, आणि तो एकाच माणसाने ऐकला. मिस्टर स्टॉलकप, तुम्ही सर्दी म्हणालात ते उगाच नव्हे. क्लबवर उघड्या कानांचे तुम्ही एकटेच.”

रॉयचा चेहरा राखेसारखा झाला. “त्याने आठ्या घातल्या होत्या,” तो पुटपुटला. “नळीत बघायलाच निघाला असेल. मी हाक मारली नसती तर…”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं. एमिललाही नाही. बांधावर मारलेल्या गोळीचं भोक कुणी शोधत नाही.” हेस्टर थांबली. “ती पुंगळी आतून स्वच्छ आहे. तिच्यात दारू नव्हतीच. उरलेल्या चारांतलं एक मी उघडलं. त्यात खसखस होती.”

डेलला वाटले, आता म्हातारी नाकारेल. तिने नाकारावे असेच त्याला वाटत होते.

“मी त्यातली दारू काढली,” लुडमिला म्हणाली. “तो झोपला होता तेव्हा. चाळीस वर्षं त्याला गोळ्या काढताना आणि बसवताना बघितलंय, हात चालतात माझे. तो सांगत नसला तरी त्याची नजर अधू झालेली मला कळत होती; उघडून पाहिलं असतं तरी काळं काही दिसलं असतं, म्हणून खसखस घातली. बाकी सगळं कपाटात असायचं. भावासारखं काही मनात आलं, तर हात पटकन जाईल अशी ती पाचच होती.” तिने हेस्टरकडे पाहिले. “दारूच नाही, तर उडालं कसं?”

“तळाला टोपी असते, ठिणगीची. तिच्या एकटीच्या जोरावर शिशाची गोळी नळीत शिरते, बाहेर पडत नाही.”

“टोपी,” लुडमिला म्हणाली. “एवढीशी असते ती.”

मग ती जोलीनकडे वळली.

“तुला साचे का दिले त्याने?”

जोलीनने उत्तर टाळायला हेस्टरकडे पाहिले. हेस्टरने ‘सांग’ अशी मान हलवली.

“ओतलेल्या गोळीवरची सुरकुती त्यांना दिसेना,” जोलीन म्हणाली. “म्हणाले, हिवाळाभर आपण दोघं ओतू. भांडं मी सांभाळतो, वासावरून आणि आवाजावरून, डोळे तुझे. त्याआधी खोली आवरून शेगडी नीट बसवायची होती त्यांना. तेच आटपायचं म्हणत होते. तुम्हाला सांगणार होते, पण डोळे अधू झाले हे तुमच्यापुढे कबूल करायचं त्यांच्या जिवावर यायचं.”

लुडमिलाने टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने एकत्र केला, पुन्हा पसरला.

थोड्या वेळाने ती उठली. शनिवार आहे, ती म्हणाली, दुपारपर्यंत क्लबवर सगळे असतील.

“आज नको,” जोलीन म्हणाली. “मी कुणाला सांगणार नाही.”

“तू एवढे दिवस माझं ओझं वाहिलंस, पोरी. आता माझं मला उचलू दे.”

ती दाराशी गेली आणि न पाहता खुंटीवरचा कोट अंगात घातला. तो एमिलचा होता, बाह्या बोटांच्या खाली येत होत्या. ते तिच्या लक्षात आले, पण तिने तो काढला नाही. रॉयने दार धरले. जोलीन गाडी सुरू करायला पुढे गेली. डेल काचेतून पाहत होता. पायऱ्या उतरताना लुडमिलाचा हात छातीवरच्या पट्टीकडे गेला, आणि एकेक घर चाचपत, उरलेली तिन्ही काडतुसे तिने काढून मुठीत घेतली.