दाउवेंचा पंखा

“तिला झोप येत नाही, म्हणून मी आता दाउवेला बंद करू?”

हे निंकेच्या कानांसाठी नव्हतंच. धुतलेल्या चादरी पोटाशी धरून ती जिन्यात उभी होती, आणि खाली स्वयंपाकघरात सासूबाई, बाउक्ये, आपल्या मुलाशी बोलत होत्या.

“मेम, हळू. ऐकेल ती,” निंकेचा नवरा वित्से म्हणाला. मेम म्हणजे आई.

“ऐकू दे. तिच्या माहेरी गाईसुद्धा कुजबुजत हंबरत असतील.”

निंकेला हसू आलं, आणि लगेच विरलंही.

दाउवे तिचे सासरे. तिच्या लग्नाआधीच फुप्फुसांच्या आजारानं गेले. मागे राहिला माळ्यावरचा त्यांचा जुना विंडोज कॉम्प्युटर. देशोदेशीच्या घरांतले असे कॉम्प्युटर जोडून शास्त्रज्ञ त्याच आजाराचं अवाढव्य गणित सोडवत होते, आणि दाउवेंचं यंत्र आपला वाटा अखंड ओढत होतं. ते गेल्यावर त्यांच्या गटातल्या, कधीही न भेटलेल्या मंडळींनी कळवलं होतं : यंत्र चालू ठेवा, गटाच्या यादीत त्यांचं नाव खाली येऊ देऊ नका. गटाची रीतच तशी. त्यामुळे नव्या जोडप्याच्या खोलीच्या बरोब्बर डोक्यावर त्या यंत्राचा पंखा जीव तोडून घरघरायचा. आणि त्याच घरघरीवर सासूबाईंचा डोळा लागायचा.

निंके भांडणारी नव्हती. बंद करायचं नाही, नुसतं हळू करायचं, एवढंच तिनं ठरवलं. चादरी खोलीत टाकून ती माळ्यावर गेली. खुर्चीच्या पाठीवर दाउवेंचा लोकरी कोट अजून तसाच होता. त्याला कापराच्या मलमाचा पुसट वास होता. गणिताच्या प्रोग्रामनं प्रोसेसर किती वापरायचा, ते तिनं शंभर टक्क्यांवरून निम्म्यावर आणलं. कुणाला न विचारता. घरघर उतरली. तिला वाटलं, जमलं.

तिला ठाऊक नव्हतं, की त्या प्रोग्रामला सावकाश असं काही कळतच नाही. निम्मं म्हणजे क्षणभर सगळं बळ लावायचं, मग साफ थांबायचं. पंखाही तसाच झाला. चढायचा… उतरायचा… गप्प. पुन्हा चढायचा.

खाली खिडक्यांना धुकं चिकटलं होतं. सासूबाईंनी कॉफीबरोबर प्रत्येकाला एकेक बिस्किट दिलं, आणि डब्याचं झाकण त्यांच्या हातातच राहिलं.

“वर कोण आहे?”

“कुणी नाही, मेम,” वित्से म्हणाला.

“असाच श्वास घ्यायचा तो… शेवटी शेवटी. घ्यायचा… आणि मग…”

त्यांनी टेबलाच्या कडेवर बोट दाबून धरलं. वर आवाज चढला, तेव्हाच उचललं. नवऱ्याच्या पलंगाशी बसून त्या असंच करत असणार, हे निंकेला न सांगता कळलं.

ती धावत वर गेली. आकडा शंभरावर नेला. पडद्यावर शंभर दिसले, आवाज तसाच. तिनं यंत्र बंद केलं. शेवटी मागची वायरच उपटली. पंख्याची पाती तिच्या डोळ्यांदेखत थांबली.

चढला… उतरला… गप्प.

आवाज खुर्चीतून येत होता. मलमाचा वास आता ताजा होता, आत्ताच कुणी छातीला चोळल्यासारखा. आणि दोन आवाजांमधली शांतता लांबत चालली होती.

ती खाली आली तेव्हा सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. कठड्यावर बोट दाबलेलं. वित्से त्यांच्या खांद्याला धरून उभा.

“एकदा बसले होते की रे मी अशी,” त्या त्याला म्हणत होत्या. “पुन्हा कशाला…”

निंकेला वर बघवेना. एकदा सोसून झालेलं तिनं त्यांच्यापुढे पुन्हा मांडून ठेवलं होतं, आणि तेही कशासाठी, तर स्वतःच्या झोपेसाठी. वरची शांतता संपत नव्हती. बोट उचललं जात नव्हतं.

आजवर ती त्यांना नावानंच हाक मारायची.

“मेम,” ती म्हणाली, “मी नुसतं हळू करायला गेले होते. वायर केव्हाची माझ्या हातात आहे, ही बघा… पुढचा श्वास कसा आणायचा, ते मला येत नाही.”