मंदासाठी धावताना

आईच्या तेरवीची पंगत उठली आणि ईश्वरने आपली पेटी उचलली. ओसरीवर बसलेल्या बापाकडे, जागेश्वरकडे, न पाहताच तो म्हणाला, "दवाखान्यातून मायले घरी आनलं, ते मराले आनलं तुमी. अन् मले साधं कळवलंही नाही."

नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा जागेश्वरच्या बायकोनेच, मंदाबाईने, हट्ट धरला होता, सानगडीच्या घरीच डोळे मिटायचा. आणि परीक्षा आटोपेपर्यंत बाहेरगावी शिकणाऱ्या पोराला काही कळवायचे नाही, अशी शपथही तिनेच घातली होती. परीक्षा आटोपायच्या आधीच ती गेली. गेलेल्या जिवावर पोराचा रोष नको, म्हणून जागेश्वरने तो मुकाट्याने आपल्या माथी घेतला.

ईश्वर लाखनीच्या शाळेत मास्तर झाला आणि तिथेच राहिला, सणासुदीलाही फिरकला नाही. टपालाची थैली खांद्यावर टाकून गावोगाव पळणारा जागेश्वर संध्याकाळी रिकाम्या घरात शिरे, आणि एकट्यापुरता भात शिजवून पुष्कळदा न जेवताच आडवा होई. साकोलीच्या दवाखान्यातील नर्स बायजाबाई तेवढी येत राहिली. मंदाबाईच्या अखेरच्या यातना तिने हलक्या केल्या होत्या. आता ती ओसरीवर बसून जागेश्वरचे नुसते ऐकून घेई.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात साकोलीला असाध्य आजाराच्या रोग्यांसाठी खोल्या बांधायचे ठरले... रोग्याला शेवटी सुखाने निजता यावे आणि मागे उरलेल्याला कुणापाशी तरी रडता यावे, अशा. जागेश्वर बायजाबाईला म्हणाला, "मले दुसरं काही येत नाही बाई, पन पळता येते. साकोलीहून भंडाऱ्यापर्यंत पळतो. लोकं देतील ते तुमी जमा करा."

पन्नाशी उलटलेला तो माणूस सकाळीच निघाला. मागे भोंगा लावलेल्या जीपमध्ये बायजाबाई. गावागावांतून बाया सुपात धान घेऊन सडकेवर आल्या, ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवून पैसे दिले. लाखनीत शाळेपुढच्या गर्दीत ईश्वर उभा होता. बापाने त्याला पाहिले आणि मान खाली घालून तो पुढे गेला.

बायजाबाई जीपमधून उतरली. "मास्तर, मी होती तिथं," ती म्हणाली. "तुमच्या मायनंच घरी नेवाले लावलं, अन् तुमाले न सांगाची शपथही तिचीच. माह्या समोर घातली."

ईश्वरने चपला तिथेच टाकल्या आणि तो धावत सुटला. गावाबाहेर त्याने बापाला गाठले. धाप लागली होती. "काहून नाही सांगितलं बाबा? येवढी वर्षं मी तुमाले..."

"दुःखात मानसाले राग धराले कोनीतरी लागते बेटा. मी होतो ना."

ईश्वरने त्याचे हात धरले आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. जागेश्वरने धोतराच्या सोग्याने त्याचे डोळे पुसले. "चाल, थांबून नाही जमत. भंडाऱ्याले लोकं वाट पाहून राहिले."

दोघे हळूहळू चालू लागले. चालता चालता ईश्वरने विचारले, "माय शेवटी काय बोलली?"

जे ऐकायला या पोराशिवाय दुसरे कुणीच हक्काचे नव्हते, ते सारे सांगायला जागेश्वरने सुरुवात केली.