कापसात लपलेला करकोचा

"ज्याचे हात खाजून राह्यले, तो चोर!" गोपालने जाहीर केलं.

"ओरड अजून! चोर पळून जाईल ना, बावळट!" अपेक्षाने भावाच्या पाठीत धपाटा घातला.

त्यांच्या आतेबहिणीला, आभाला, हसू आलं नाही. कालपासून तिच्या भावाचा, सलीलदादाचा, गेम गायब होता. तळहातात मावणारा, काकांनी जपानहून आणलेला. त्यातलं सगळं जग शाईच्या कुंचल्याने काढल्यासारखं होतं: वाकडी झाडं, नखं उगारल्यासारख्या लाटा. पहिल्या भागात एक मोठा करकोचा होता. या दुसऱ्या भागात तो कुठेच नव्हता; त्याचं पिल्लू एकटंच त्याला शोधत निघालं होतं. अक्षरं मात्र जपानी! पण दादा ती खुशाल वाचून दाखवायचा, तीही मामाच्या वऱ्हाडीत. "पिल्लू म्हणते, पाहून काय राह्यली बे? पूल काढ ना!"

दिवाळीआधी दादा तापाने गेला. गेमच्या लेखणीने रेघ ओढत तो नदीवर काढत असलेला पूल अर्धाच राहिला. आभा रोज तेवढा पूल बघायची आणि गेम मिटून ठेवायची.

आणि आज दुपारी, बोरी अरबला मामाच्या घरी, कापसाच्या बंद खोलीतून पावा वाजला! बॅटरी संपत आली की तो गेम असाच केविलवाणा वाजायचा.

भाव वाढेल म्हणून मामांनी कापूस छतापर्यंत भरून ठेवला होता. आता मे महिना! साठवलेल्या त्या कापसात पाऊल टाकलं तरी अंगभर खाज सुटायची. म्हणूनच घरातले सगळे अंगणात झोपत. म्हणजे जो आत गेला, तो अंगावर पुरावा घेऊनच बाहेर आला असणार!

अपेक्षाने हात बघून भविष्य सांगायच्या निमित्ताने वामनरावमामांना पकडलं. "बाबा, तुम्ही परदेशी जाल!"

"पुसदच्या पुढं गेलो नाही म्या, अन् परदेशी!" मामा हसले. हात साफ! इंदूमामीचेही साफ!

मग गोपाल कुजबुजला, "कुंदाआत्यानं मे महिन्यात स्वेटर काहून घातलं?"

कुंदाआत्या म्हणजे आभाची आई. आईने?

तेवढ्यात ट्रॅक्टर धडधडत अंगणात शिरला. भावाची वाट बघून थकलेल्या मामांनी कापूस आजच सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगला, न्यायचं ठरवलं होतं. मजूर खोली उघडून भराभर कापूस भरू लागले.

"मामा, थांबा! आत दादाचा गेम आहे!"

"मंग पाहू, बाई! जिनिंगवाला थांबते का आपल्यासाठी?"

"बाबा, त्यात बॅटरी आहे!" गोपाल ट्रॅक्टरसमोर आडवा आला. "मशीनीत ठिणगी पडली तं अख्खी जिनिंग पेटन!"

मामांचा चेहरा पडला. "हात थांबवा रे सगळे!"

पण एवढ्या ढिगात शोधायचं कुठे? आभा आईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने स्वेटरची बाही हळूच वर सारली. हात खांद्यापर्यंत लालेलाल!

"आई, का गं?"

"तू गेम लावलास की मला वाटायचं, तोच आत खेळतोय." आईने बाही खाली ओढली. "जेवायला ये म्हणून हाक मारायला तोंड उघडायची गं मी."

आभा भांडायचं ठरवून आली होती. "मला सांगायचंस ना," ती एवढंच म्हणाली. "मी आवाज बंद केला असता."

आई उठली. खिडकीखालच्या कोपऱ्यात तिने खांद्यापर्यंत हात खुपसला आणि गेम बाहेर काढला.

"पोट्टेहो, मोठं संकट टाळलं तुम्ही!" मामांनी तिघांना जवळ ओढलं. "मी तं आंधळ्यासारखा चाललो होतो."

संध्याकाळी ओसरीवर, चार्जर लावून, मायलेकींनी गेम उघडला. पिल्लू अर्ध्या पुलाच्या टोकावर उभं होतं. खाली अक्षरं उमटली.

"काय म्हणतंय?" आईने विचारलं.

आभा अक्षरांवर वाकली. तिने दादासारखी मान वाकडी केली. "म्हणते... दोघी बी रडून काय राह्यल्या बे? पूल काढा ना!"

आईने गेमची बारीक लेखणी उचलली. दादाची रेघ संपली होती, तिथे टेकवली. हात पुढे जाईना. आभाने तिच्या हातावर आपला हात ठेवला, आणि रेघ वाकडीतिकडी का होईना, पुढे निघाली.

"बरोबर वाचलंस," आई म्हणाली. "अगदी त्याच्यासारखं."