उलटा वारा

"वाफ! वाफ! काका, थांबवा!" पिकअपच्या हौद्यातून दादा ओरडला. चढ निम्माही संपला नव्हता आणि बॉनेटखालून पांढरा लोट उठला.

काकांनी कपाळावर हात मारला. "बास झालं! संध्याकाळी भंगारवाला येतोय, त्याच्याच गळ्यात बांधतो ही ब्याद!"

हौद्यात पडलेली तंद्री ताडकन उठून बसली. सदा आपल्याच नादात, म्हणून घरात सगळे तिला तंद्रीच म्हणत. हौद्यात उताणं पडून, ढग बघत तळ्यावर जायचं, या एका सुखासाठी ती सुट्टीची वाट बघायची. तिला रडूच आलं.

गाडी निवल्यावर कशीबशी घरी आणली. काका तडक जाऊन घोरू लागले.

"पाणी काठोकाठ आहे, पाइप गळत नाही," दादा म्हणाला. "सपाटीला पळते, चढावरच तापते."

"आळशी आहे झालं!" चुलतभाऊ बडबड्या म्हणाला. बोलून दमला की तो साबणाचे फुगे उडवायचा.

"वेगात असली की वारा आपोआप लागतो," तंद्री हळूच म्हणाली. "हळू चालली की सगळी भिस्त पंख्यावर."

"पण पंखा फिरतोय की!" दादा म्हणाला. "काकांनी नुकताच नवा बसवलाय!"

मुलांनी काकूला मस्का लावून इंजिन चालू करून घेतलं. "लांबूनच बघा हं!" तिने बजावलं. इंजिन तापलं, पंखा घुर्रर्र करत सुरू झाला. बडबड्याने पुढच्या जाळीसमोर फुगे सोडले. उन्हात निळे-गुलाबी होत ते अलगद जाळीकडे निघाले, थबकले आणि माघारी फिरले. तंद्री भान हरपून बघत होती. एक फुगा तिच्या नाकावरच फुटला!

"अगं बाई!" ती किंचाळली. "पंख्याने वारा आत ओढायला हवा ना? हा तर बाहेर फुंकतोय!"

आवाजाने काका उठून आले. "काहीतरीच! मी स्वतः जोडलाय!"

"म्हणूनच!" काकू म्हणाली. काळी टेप हा काकांचा सगळ्यावर रामबाण उपाय. चष्म्याची काडीसुद्धा टेपनेच चिकटवलेली. "वायरींना टोकापर्यंत टेप गुंडाळलीत. लाल कुठली, काळी कुठली, कळणार कसं?"

काकांनी इंजिन बंद केलं, टेप सोलली आणि मान खाजवली. वायरी खरंच उलट्या जोडल्या होत्या, म्हणून पंखाही उलटा फिरत होता! त्यांनी गुपचूप अदलाबदल केली.

पुन्हा तोच चढ. तंद्री पुढे काकांशेजारी बसली होती. तिची नजर तापमानाच्या काट्यावर खिळली होती. काटा मध्यावर आला... आणि तिथेच राहिला! वळणामागून वळण गेलं, माथा आला, काटा तसूभर हलला नाही. खाली तळं संथ चमकत होतं.

काकांनी गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला. "येऊ नका हो. गाडी विकायची नाही... बिघाड? गाडीत नव्हता, माझ्यातच होता. आमच्या पोरांनी शोधून काढला!"

फोन ठेवून ते तंद्रीकडे वळले. "शाबास गं पोरी!"

तंद्री हसायला गेली आणि चक्क हुंदकाच फुटला.