बिस्कुटाला घातलेला हार

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच घरात घडली. घनसावंगीजवळच्या आमच्या गावात, गेल्या श्रावणात. रात्री नव्हे, भर दुपारी.

अर्पिता माझ्या लेकीची लेक. आमच्याकडंच वाढली. साठी उलटल्यावर मला अक्षरं तिनंच शिकवली.

आठव्या वर्षी तापानं गेली.

वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला तिचं चित्र हवं होतं. भुजंग पेंटरला शाळेतला फोटो दिला. माझी बायको झुंबरबाई म्हणाली, "मांडीवर तिचं कुत्रं काढ रे. पोरगी एकटी झोपत नव्हती."

"मावशी, बिस्कुट बसंल का गप?"

"तुझ्यापेक्षा शहाणं हाय ते."

बिस्कुट खरंच हललं नाही.

श्राद्धाच्या दिवशी मी चित्राला झेंडूचा हार घातला. तो दोघांच्याही भोवती पडला.

शेजारची गोजरबाई थबकली. "दाजी, जित्या जीवाला हार घातला का हो?"

मी हसण्यावारी नेलं.

त्या दिवशी बिस्कुटानं भाकरीला तोंड लावलं नाही. चित्राकडं बघत बसून राहिलं...

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीच्या दारात बसलो होतो. खोलीला तेवढं एकच दार. आत फरशीवर त्याची नखं वाजली.

टक... टक... चित्राच्या भिंतीपर्यंत.

मग काहीच नाही.

वळून बघितलं. खोली रिकामी.

शहागडपर्यंत शोधलं. सापडलं नाही.

चित्र दाखवायला भुजंगला बोलावलं. तो चित्रासमोर उभाच राहिला.

"काका... म्या त्याची मान समोर काढल्ती. हे पोरीकडं कसं बघून राह्यलं?"

मी तेव्हाच हार उतरवला. पुन्हा घातला नाही.

झुंबरबाई मात्र त्या दिवशी वर्षानं पोटभर जेवली. "पोरीला सोबत झाली," म्हणाली.

काल मी पेटी उघडली. झुंबरबाईचा एकच फोटो होता, बँकेच्या पुस्तकासाठी काढलेला.

तो पेटीत नव्हता...

"भुजंगला दिलाय," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "पोरीच्या बाजूला जागा हाय की."

"अगं, मंग मी?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

आज सकाळपासून ती झेंडू ओवते आहे. हार लांब झाला आहे. तिघांना पुरेल एवढा.

मी दारातच बसून हे लिहितो आहे. भुजंगच्या मोटारसायकलीचा आवाज येतो का, ते ऐकत.